फोटो पंधराव्या दिवशी: कुत्रा फॉस्टर करण्याची आणि चांगल्या घरी देण्याची रीत

दर पावसाळ्यात फोनवर एकाच साच्यातले मेसेज येतात. "ताई, सकाळी गाडीखाली पिल्लू सापडलं. फोटो टाकलाय. उद्यापर्यंत घर मिळालं पाहिजे, आमच्याकडे ठेवता येणार नाही." तीन आठवड्यांनी त्याच पिल्लाबद्दल दुसरा मेसेज येतो: "नेलं होतं ते लोक परत द्यायचं म्हणतायत."

अशा बहुतेक प्रकरणांत क्रम चुकलेला असतो. फोटो आधी पडतो, डॉक्टर नंतर, आणि कुत्रा नेमका कसा आहे हे कुणी बघतच नाही. मग घेणाऱ्याला काहीतरी भलतंच हाती पडतं आणि तो परत करतो. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्रे फॉस्टर करताना, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरते सांभाळताना, स्वतः चुका करून मी ज्या क्रमावर आले, तो खाली देते. पायऱ्या गाळू नका. वेळ कमी असेल तर कुत्रे कमी घ्या.

## पायरी १: याला घर हवंय की फक्त उपचार?

रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा बेघर नसतो. आधी कान बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. असा मोठा कुत्रा चहाच्या टपरीवर, वॉचमनच्या खुर्चीखाली वर्षानुवर्षं राहत असेल, त्याला रोज कुणी खायला घालत असेल, तर त्याची जागा तीच. जखम झाली असेल तर उपचार करा, बरा होईपर्यंत ठेवा आणि तिथेच नेऊन सोडा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांचंही म्हणणं हेच आहे: नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. पाच वर्षांच्या मुक्त कुत्र्याला चौथ्या मजल्यावर कोंडून आपण त्याच्यावर उपकार करत नाही.

घर लागतं ते साधारण यांना: आई नसलेली पिल्लं, रस्त्यावर सोडून दिलेले पाळीव कुत्रे (लॅब्रेडॉर, पग किंवा शिट्झू रस्त्यावर दिसला तर एकतर हरवलेला नाहीतर टाकलेला), आंधळे, तीन पायांचे, आणि परत सोडल्यास जगणारच नाहीत असे म्हातारे.

आई असलेली पिल्लं उचलू नका. आई खायला शोधायला गेलेली असते. थोडं लांब थांबून दोन-तीन तास वाट बघा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर आवरायला सहसा नीट शिकत नाही, आणि त्याचा त्रास पुढे दत्तक घेणाऱ्याच्या हातांना होतो.

तपासा: गळ्याभोवती केस झिजलेले आहेत का? म्हणजे पट्टा होता. दवाखान्यात मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) स्कॅन करून घ्या, सापडल्याच्या भागात चौकशी करा, आजूबाजूच्या डॉक्टरांना फोटो दाखवा. कुणी शोधत असेल तर दत्तकाचा प्रश्नच येत नाही. मालक म्हणून कुणी आला तर जुने फोटो आणि लसीचं कार्ड मागा.

## पायरी २: कुत्रा यायच्या आधी घर

लोक कुत्रा आणतात आणि मग वाटी शोधतात. आधी करायची कामं अशी.

घरातल्यांचा होकार घ्या. सासूबाईंनी "ठीक आहे" म्हणणं आणि त्यांना खरंच चालणं यांत फरक असतो. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोला आणि करार वाचा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरी सेक्रेटरींना आपणच आधी सांगितलेलं बरं. "काका, महिनाभर एक कुत्री असेल, लस देतोय, लिफ्टमध्ये घाण झाली तर मी पुसेन." एवढ्या एका वाक्याने पुढची अर्धी भांडणं टळतात.

पैसे कोण देणार ते ठरवा. कुत्रा एखाद्या संस्थेचा किंवा फीडरचा (रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्याचा) असेल तर डॉक्टरचं बिल, खाणं, नसबंदी आणि रात्री दोन वाजताची इमर्जन्सी कुणाच्या खिशातून, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं महिनाअखेरीस कुणाला आठवत नाही.

एक जागा रिकामी करा. बाथरूम, बंद बाल्कनी, पॅसेज, काहीही चालेल; दार बंद झालं पाहिजे आणि फरशी धुता आली पाहिजे. गालिचा, चपला, चार्जरच्या वायरी, झुरळांचं औषध, उंदीर मारायच्या वड्या हलवा. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं. खाली दोन फूट जाळी बांधा.

सामान फार लागत नाही: अंगाला बसणारा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), गळपट्टा, दोन लीश (पट्ट्याला लावून हातात धरायच्या दोऱ्या), दोन स्टीलच्या वाट्या, जुन्या चादरी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, थर्मामीटर, हातमोजे, ब्लीच. आणि एक दोनशेपानी वही. तिचं काम पायरी ५ मध्ये.

स्वतःचं बघा. वारंवार फॉस्टर करणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. डॉक्टरांना सांगा की तुम्ही रस्त्यावरचे कुत्रे हाताळता. घरात आधीचा कुत्रा असेल तर त्याच्या लसी तारखेत आहेत का ते बघा.

सावध: अनोळखी कुत्रा चावला, अगदी दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी प्रतिबंधक लस घेतलेली नसेल तर रक्त आलेल्या जखमेला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. हळद, चुना, तिखट काही भरू नका. "कुत्रा दहा दिवस बघू, मग लस घेऊ" हा विचार करू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पण लस त्याच दिवशी सुरू करायची.

## पायरी ३: पहिला दिवस, आधी डॉक्टर

सापडलेल्या जागेहून थेट दवाखाना, तिथून घर. मधे आंघोळ नाही. पावसात भिजलेलं, भेदरलेलं पिल्लू घरी आणून शाम्पूने धुणं ही सगळ्यात हौसेने होणारी चूक. ते गारठतं, आणि गारठलेलं पिल्लू पटकन जातं. टॉवेलने कोरडं करा. बास.

डॉक्टरांकडून एवढं करून घ्या: वजन, ताप (कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणजे ताप असं नाही), हिरड्यांचा रंग, कातडी, दातांवरून वयाचा अंदाज, जंताचं औषध. अंगावर गोचीड असतील आणि हिरड्या फिकट असतील तर रक्त तपासा. गोचीडताप आपल्याकडे बारमाही आहे आणि सुरुवातीला फक्त "जरा सुस्त आहे" एवढाच दिसतो.

घरगुती उपायांपैकी हे अजिबात नकोत:

खरजेवर गाडीचं काळं ऑइल. अजूनही गॅरेजवाले प्रेमाने चोपडतात. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. गोचिडांवर रॉकेल किंवा फिनेल नको. तापाला पॅरासिटामॉल, दुखण्याला कॉम्बिफ्लाम तर नकोच. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी यांचं नुकसान होतं. खरजेचं इंजेक्शन दुसऱ्या कुत्र्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. डोस वजनावर असतो आणि काही जातींना ते औषध सोसत नाही.

उपाशी कुत्र्याला पोटभर वाढायचा मोहही आवरा. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपेट अन्न धोक्याचं असतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या: मऊ भात, मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, लाल भोपळा. फोडणीचं वरण नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि दोन्ही कुत्र्याला घातक. मनुका, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. रविवारच्या मटणातली नळी तर नकोच. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं.

डोळे न उघडलेली पिल्लं असतील तर हे काम पूर्णवेळ आहे, नोकरी सांभाळून जमत नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट करून द्यायची. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पालथं धरून पाजा, बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने शू-शीची जागा हलकेच पुसा. आई हेच चाटून करते. पुसलं नाही तर पिल्लाला स्वतःहून होत नाही.

## पायरी ४: १४ दिवस वेगळं

ही पायरी लोक सर्रास गाळतात. मीही गाळली होती.

काही वर्षांपूर्वी एक पिल्लू आणलं, काळंभोर, टुणटुणीत. आठवड्याने दुसरं आलं. पहिलं इतकं उड्या मारत होतं, की मी दुसऱ्याला त्याच्याच टोपलीत ठेवलं. "सोबत होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याने वाटी नुसती हुंगली आणि मागे फिरला. दुपारी ओकला. रात्री जुलाबात रक्त, आणि तो वास, जो एकदा आला की पुन्हा चुकत नाही. पार्व्हो. पहिला वाचला. दुसरा, ज्याला मी सोबत म्हणून शेजारी ठेवलं होतं, तो गेला.

पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी चौदापर्यंत. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला याहूनही जास्त लागू शकतात. म्हणून १४ दिवस हा किमान आकडा. तोवर कुत्रा स्वतंत्र खोलीत. वाट्या, चादरी वेगळ्या. घरच्या कुत्र्याला आधी खाऊ घाला, नव्याला नंतर. हात धुवा, कपडे बदला, त्या खोलीच्या चपला तिथेच ठेवा.

नुसत्या फिनेलवर विसंबू नका, पार्व्होपुढे ते भरवशाचं नाही. आधी घाण साबणाने साफ धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी ओतून दहा मिनिटं तसंच ठेवा, मग पुसा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर लस पूर्ण नसलेलं पिल्लू त्या घरात वर्षभर आणू नका. मोठा, लसी पूर्ण झालेला कुत्रा आणा.

लसी: पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून पहिली, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. "एक लस झालीय" म्हणजे लसीकरण झालं असं नाही, आणि हे दत्तक घेणाऱ्यालाही सांगायचं आहे. सगळ्या लसी होईस्तोवर पिल्लू सोसायटीच्या बागेत खाली ठेवू नका. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरा: रिक्षाचा आवाज, शाळेची मुलं, दाढीवाले, हेल्मेटवाले सगळं दाखवा. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात जे दिसतं त्याची भीती सहसा राहत नाही.

तपासा, रोज: खाल्लं का, पाणी प्यायला का, शी कशी, नाक-डोळे वाहतात का. पिल्लाने एक जेवण सोडलं तर फोन, दोन सोडली तर दवाखाना. "उद्या बघू" म्हणू नका.

## पायरी ५: वही

आता ती दोनशेपानी. फॉस्टरचं खरं काम औषधपाण्याइतकंच हेही आहे: कुत्रा कसा आहे हे शोधून लिहून ठेवणं.

पहिले तीन दिवस काहीच खरं दिसत नाही. कुत्रा कोपऱ्यात दडून बसतो आणि आपण लिहितो, "खूप शांत आहे." शांत नसतो, घाबरलेला असतो. खरा स्वभाव साधारण तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतो. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा आमच्यात सांगतात: पहिला टप्पा भीतीचा, दुसरा रुळण्याचा, तिसरा घर आपलं वाटण्याचा. प्रत्येक कुत्र्याचं वेळापत्रक वेगळं, पण चौथ्या दिवशी जाहिरात लिहिणारा माणूस भेदरलेल्या कुत्र्याची जाहिरात लिहितो, हे नक्की.

ठमी नावाची एक देशी कुत्री माझ्याकडे होती, तिच्या वहीतली काही पानं अशी आहेत:

"दिवस २. सोफ्याखाली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मुतली. दिवस ५. मावशींनी झाडू उचलला, ठमी बाथरूममध्ये. झाडू खाली ठेवल्यावर दहा मिनिटांनी आली. दिवस ९. हातातून पोळी घेतली, बोटांना दात नाही लागला. दिवस १२. वाटीजवळ हात नेला, गुरगुरली. भात असताना नाही, चिकन असतानाच. दिवस १६. एकटी ४० मि., दार खरवडलं. दिवस २१. एकटी २ तास, झोपली. दिवस २२. शेजारच्या काकांची काठी बघून भुंकली, काठी भिंतीला टेकवल्यावर त्यांच्या पायाशी बसली."

यातली प्रत्येक ओळ पुढे कामाला आली. काठीची नोंद नसती तर काठी वापरणाऱ्या आजोबांच्या घरी मी तिला बिनधास्त दिली असती.

लिहायच्या गोष्टी: एकटं किती वेळ राहतो, खाताना जवळ गेलेलं चालतं का, लहान मुलं, मांजर, इतर कुत्रे, अनोळखी पुरुष, जिना, लिफ्ट, गाडी, अंग पुसताना, नखं बघताना काय करतो, शू कुठे, कधी. गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

शू-शीची सवय लावायला एकच नियम: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच त्याच जागी न्या, झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात झाली तर पुसा आणि विसरा. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं याने कुत्रा फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतो. एकटं राहणंही शिकवावं लागतं: आधी दोन मिनिटं, मग पाच, मग कचरा टाकून येण्याइतकं. दिवसभर मांडीवर ठेवलेला कुत्रा नोकरी करणाऱ्या घरात पहिल्याच सोमवारी रडून शेजाऱ्यांना वेडं करतो.

## पायरी ६: नसबंदी आणि कागद

मोठा कुत्रा असेल तर नसबंदी करूनच द्या. पिल्लू असेल तर साधारण सहा महिन्यांचं झाल्यावर, डॉक्टर सांगतील त्या तारखेला. ती तारीख दत्तकाच्या करारात (पायरी ९) लिहा. "नंतर करतो" म्हणणाऱ्यांपैकी काही जण एकदा पिल्लं होऊ देतात, आणि ती पिल्लं फिरून आपल्याकडेच येतात.

एका फाइलमध्ये लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट, नसबंदीचा दाखला. त्याची एक प्रत तुमच्याकडे.

## पायरी ७: आता फोटो

पंधरावा दिवस उलटला, तब्येत ठीक आहे, वही भरते आहे. आता टाका. पिल्लांच्या बाबतीत इथपासून लोक शोधायला हरकत नाही. भित्र्या मोठ्या कुत्र्याला आणखी दोन आठवडे द्या.

फोटो सकाळच्या उजेडात, जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. एक चेहऱ्याचा, एक पूर्ण अंगाचा आणि शेजारी माणूस असलेला एक, म्हणजे आकार कळतो. लीश ओढत नसलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

मजकूर असा: "ठमी, मादी, अंदाजे दीड वर्ष, १४ किलो, देशी. नसबंदी आणि लसी पूर्ण. दोन तास एकटी राहते. माणसांशी हळूहळू जुळते, जुळल्यावर पाय सोडत नाही. काठी आणि झाडूची भीती. चिकन खाताना जवळ गेलेलं आवडत नाही, म्हणून पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरी देणार नाही. पुणे आणि परिसरातच, घर पाहून."

शेवटची दोन वाक्यं वाचून निम्मे फोन कमी होतात. तेच हवं आहे. "उद्या नाहीतर रस्त्यावर सोडावं लागेल" असं लिहू नका. दयेने नेलेला कुत्रा दया ओसरली की परत येतो. स्वतःचा पत्ता टाकू नका. "मी दुसऱ्या शहरात आहे, ट्रान्सपोर्टचं बघतो, आधी थोडे पैसे पाठवा" असा फोन आला तर नंबर ब्लॉक करा.

## पायरी ८: फोनवरचं बोलणं

हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारू नका. "कुत्र्याची आवड आहे ना?" याला नाही कोण म्हणेल? मी हे विचारते:

"याआधी घरी जनावर होतं का? ते कसं गेलं?" हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. "चौदा वर्षांचा होता, शेवटी किडनी गेली, बायको अजून फोटो बघून रडते" हे एक उत्तर. "गावाला पाठवला", "पळून गेला", "गेटवर होता, एक दिवस दिसला नाही" हे दुसरं.

"दिवाळीत तुम्ही कुठे असता?" यातून फटाके आणि सुट्टी, दोन्हींचं कळतं.

"दिवसा घरी कोण असतं? दार कोण उघडतं?" बऱ्याच घरी दार कामाच्या मावशी उघडतात. त्यांना कुत्र्याची भीती असेल तर कुत्रा दिवसभर बाल्कनीत जाईल, आणि हे घरच्यांना आधी सुचलेलंही नसतं.

"त्याने नवा सोफा फाडला तर?" हसून उत्तर देणारे चालतात. "मी शिकवीन त्याला चांगलं" यातल्या 'चांगलं'वर जोर देणारे नाही.

नकार द्यायच्या काही जागा ठरलेल्या आहेत. मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज. "आजच हवा." "मेलच पाहिजे, फीमेलची कटकट नको", मात्र नसबंदी म्हणजे काय ते समजावल्यावर मत बदललं तर पुढे बोला. आणि "आमचं फार्महाऊस आहे, मोकळा फिरेल". फार्महाऊसवर मालक शनिवार-रविवारी असतो, उरलेले पाच दिवस कुत्रा साखळीला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बाजूला तर रात्री बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं जेवण. शेतकऱ्याच्या घरी कुत्रा देऊ नये असं अजिबात नाही. रात्री घरात घेतात का, एवढंच विचारा.

वयाचा मेळ बघा. निवृत्त जोडप्याला पिल्लूच हवं असतं. एका काकांना मी म्हटलं, "काका, पिल्लू पहाटे पाचला उठवेल, चपला खाईल, आणि तुमचा गुडघा... सात वर्षांची भुरी बघता का? दिवसातून तीन फेऱ्या आणि उरलेला वेळ झोप." ते रुसले. काकूंनी मागून विचारलं, "टीव्ही बघताना शेजारी बसते का हो?" भुरी त्यांच्याकडे गेली.

सावध: नकार देताना खोटं कारण सांगू नका. "या कुत्र्याला तुमचं घर जुळणार नाही" एवढं पुरे.

## पायरी ९: घर पाहणं

व्हिडिओ कॉल चालतो तो पहिल्या चाळणीपुरता. प्रत्यक्ष जा, शक्यतो कुत्र्याला न घेता, सगळे घरी असतील अशा वेळी. चहा घ्या आणि बघा.

बाल्कनीचे गज, गच्चीचा कठडा, बंगल्याच्या गेटखालची फट. कुत्रा झोपणार कुठे, ती जागा दाखवायला सांगा. "इथेच कुठेतरी" म्हणजे ठरलेलं नाही. घरातली कोणती व्यक्ती गप्प आहे तेही बघा. बहुतेक वेळा परत करायचा फोन तीच करते. तिला थेट विचारा, "तुम्हाला काय वाटतं?"

दुसऱ्या भेटीत कुत्रा न्या. त्या घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची गाठ घरात घालू नका. बाहेर, दोघांच्याही हद्दीबाहेर, लीशवर, थोडं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा. मग एकत्र घरात. वाट्या आणि खेळणी आधी उचलून ठेवा.

करारात हे असू द्या: दोघांची नावं-पत्ते, मास्क्ड आधारची (शेवटचे चारच आकडे दिसणाऱ्या आधारची) प्रत, कुत्र्याचं वर्णन, नसबंदीची तारीख, साखळीला बांधून ठेवणार नाही, दुसऱ्या कुणाला परस्पर देणार नाही, आणि जमलं नाही तर माझ्याकडेच परत. शेवटचं कलम मोठ्याने वाचून दाखवा. कुत्रा सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दत्तक नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही घेणाऱ्याची जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही आहे. महापालिकेचा परवाना काढायची आठवणही इथेच करा.

## पायरी १०: सोपवण्याचा दिवस

दत्तक गेलेले कुत्रे हरवतात ते बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून हा दिवस निवांत ठेवा.

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आणि गणपतीचे दहा दिवस टाळा. सकाळी, कामाचा दिवस नसताना, तुम्ही स्वतः कुत्र्याला घेऊन जा. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नको, गाडीत ओकतो. बंद गाडी घ्या. स्कूटरवर मांडीत धरून नाही. हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, प्रत्येकाला वेगळी लीश. घाबरलेला कुत्रा मागे सरकला की एक पट्टा डोक्यावरून निघतो, दुसरा राहतो. पट्ट्यावर दोन फोन नंबर: त्यांचा आणि तुमचा.

सोबत द्या: फाइल, त्याचं आठवड्याचं खाणं (खाणं एकदम बदललं की जुलाब होतात आणि लोक घाबरतात), वहीतल्या नोंदींची एक पानाची नक्कल, आणि त्याची चादर न धुता. वास ओळखीचा असला की पहिली रात्र सोपी जाते.

घरच्यांना लिहून द्या: पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, बागेत लीश सोडायची नाही. दार उघडण्याआधी कुत्रा कुठे आहे ते बघायचं. सोफ्याखाली बसला तर बसू दे, ओढून काढू नका.

मग निघा. लांबलचक निरोप घेऊ नका. रडायचं ते गाडीत.

## पायरी ११: पुढचे तीन महिने

फोन त्या रात्री, तिसऱ्या दिवशी, सातव्या, पंधराव्या, मग महिन्याने, तिसऱ्या महिन्याने, आणि नसबंदीच्या तारखेला. "कसा आहे?" विचारलं की "मस्त!" येतं, त्यातून काही कळत नाही. विचारा: काल रात्री कुठे झोपला? सकाळी शी कशी झाली? झोपलेला असतानाचा फोटो पाठवाल? कुशीवर, पाय पसरून झोपलेला कुत्रा रुळला आहे. दाराकडे तोंड करून, पाय अंगाखाली घेऊन झोपणारा अजून नाही.

हरवला तर: हाका मारत मागे धावू नका, तो आणखी पळतो. दिसला तर खाली बसा, तोंड बाजूला वळवा, खाणं टाका. वॉचमन, दूधवाले, कचरावेचक, टपऱ्या, त्या भागातले फीडर यांना पहिल्या तासात फोटो द्या. रात्री अकरा ते पहाटे चारमध्ये रस्ते शांत असताना तुम्ही स्वतः जा. आवाज तुमचा ओळखीचा आहे, नव्या घरच्यांचा अजून नाही. जिथे शेवटचा दिसला तिथे तुमचा वापरलेला सदरा ठेवा.

परत आला तर: घ्या, आणि घेणाऱ्याला बोल लावू नका. बोल लावलेत तर पुढचा माणूस तुम्हाला फोन न करता कुत्रा हायवेवर सोडेल. शांतपणे काय झालं ते विचारा, वहीत लिहा, जाहिरात बदला. ठमी एकदा परत आली होती, अकराव्या दिवशी. कारण मी वहीत लिहिलंच नव्हतं: रात्री पंखा बंद झाला की ती भुंकते. आमच्या भागात लाइट जात नाही, मला कळणार कुठून? दुसऱ्या जाहिरातीत ती ओळ घातली. ज्यांनी तिला नेलं, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.